जीटी८६ला रुंद टायर: २२५ घ्यावेत की २४५?

टोयोटा जीटी८६ किंवा तिची जुळी बहीण सुबारू बीआरझेड बाळगणाऱ्याच्या मनात, कारखान्यातून आलेल्या टायरांची नक्षी झिजत आली की एक विचार हमखास डोकावतो: नवे घ्यायचेच आहेत, तर जरा रुंद का घेऊ नयेत? गाडी मुळात २१५/४५ आर १७ मापाच्या (रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ४५ टक्के, रिम १७ इंची), प्रवासी धाटणीच्या टायरांवर आली होती आणि पकड बेताची ठेवण्यामागे निर्मात्यांचा हेतूही होता. पण ओल्या रस्त्यावर वळण घेताना गाडीचे नाक सरळ निघून जाऊ लागते, तेव्हा तो हेतू कोणालाच पटत नाही.

यावर दोन उत्तरे सर्रास सुचवली जातात. पहिले म्हणजे साडेसात इंची, ४८ ऑफसेटच्या रिमवर २२५/४५. दुसरे म्हणजे नऊ इंची, ४५ ऑफसेटच्या रिमवर २४५/४०. ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून ती गाडीला टेकते त्या पृष्ठभागापर्यंतचे मिलिमीटरमधले अंतर; ते जितके कमी, तितके चाक बाहेर. मी जर्मनीत श्टुटगार्टला राहतो आणि याच एका गाडीवर आधी २४५ घालून एक पूर्ण उन्हाळा व पुढचा अर्धा काढला, त्यानंतरचे चार उन्हाळे २२५वर काढले आहेत. माझ्याकडे वेळ मोजणारी उपकरणे नाहीत. जे सांगतो आहे ते हाताला, कानाला आणि पाठीला जाणवलेले आहे, आणि वाचणाऱ्याने ते तेवढ्यापुरतेच धरावे.

आकड्यांचे एकदा उरकून घेतो. मूळ सात इंची रिमच्या तुलनेत पहिल्या जोडीत रिमची कड आत आणि बाहेर, दोन्हीकडे सुमारे ६ मिलिमीटर सरकते. दुसऱ्या जोडीत ती आत २२ आणि बाहेर २८ मिलिमीटर सरकते. उंचीचा हिशेब मात्र उलटा आहे: २२५/४५चा व्यास मूळ टायरापेक्षा ९ मिलिमीटरने वाढतो, तर २४५/४०चा जेमतेम अडीच मिलिमीटरने. त्यामुळे २४५चे समर्थक म्हणतात की त्यांचे माप मूळ उंचीच्या अधिक जवळ आहे, आणि ते खरेच आहे. फक्त टायर घासण्याचा प्रश्न उंचीपेक्षा रिमची कड कुठे येते यावर अधिक ठरतो, आणि हे मला पैसे मोजून झाल्यावर कळले.

टायर घासतो असे आपण एका शब्दात म्हणतो, पण पुढच्या चाकाच्या बाबतीत त्या तीन वेगळ्या गोष्टी असतात. खड्ड्यात किंवा उंचवट्यावर सस्पेन्शन दबले की टायरचा खांदा मडगार्डच्या कडेला लागतो आणि छोटासा ‘चर्र’ आवाज येतो. स्टिअरिंग पूर्ण वळवले की टायर लायनरला, म्हणजे मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकच्या अस्तराला, किंवा बंपर आणि मडगार्ड जिथे स्क्रूने जोडलेले आहेत त्या कोपऱ्याला घासतो आणि संथ खरखर ऐकू येते. तिसरा प्रकार आतल्या बाजूचा, स्ट्रटला (सस्पेन्शनच्या उभ्या दांड्याला) टायर लागण्याचा. त्याचा आवाज बहुधा येतच नाही आणि म्हणून तोच सर्वांत धोक्याचा, कारण तिथे लोखंड टायरच्या बाजूच्या भिंतीला कापत जाते.

२४५च्या बाजूने बोलायचे तर पकडीत फरक आहे आणि तो पहिल्याच दिवशी जाणवतो. बाडेन-बाडेनहून फ्रॉइडेनश्टाटकडे जाणाऱ्या ब्लॅक फॉरेस्टच्या उंचावरच्या रस्त्यावर, जिथे वळण संपता संपता दुसरे सुरू होते, तिथे २४५वर गाडीचे नाक जणू रुळावर असावे तसे आत येते. ब्रेक उशिरा दाबता येतो. चाके भरलेली दिसतात, आणि तेही मला आवडले होते हे मी नाकारत नाही. बदल्यात स्टिअरिंगचा हलकेपणा थोडा गेला, आणि ए८ महामार्गाच्या उजव्या मार्गिकेत ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्यांत गाडी मनाप्रमाणे इकडेतिकडे ओढू लागली. दोनशे अश्वशक्तीच्या इंजिनालाही हा भार थोडा जाणवतो असे मला वाटले. तो भासही असू शकेल.

खरी अडचण न्युरबर्गरिंगच्या शर्यतीच्या ट्रॅकवर सुरू झाली. जुन्या २०.८ किलोमीटरच्या वाटेवर फुक्सर्योरे नावाचा उतार आहे. तिथे गाडी वेगाने खाली येते आणि तळाशी सगळे वजन सस्पेन्शनवर बसते. पहिल्याच फेरीत तिथे दोन्ही बाजूंनी ‘चर्र’ झाले. घरी येऊन पाहिले तर मडगार्डच्या आतल्या कडेवरचा रंग बोटभर लांबीत गेला होता. मडगार्डची कड आत मोडून घेणे हा रूढ उपाय आहे, पण इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि कड मोडताना रंगाला केसाएवढी जरी चीर गेली तरी दोन हिवाळ्यांत तिथे गंज धरतो. ते मला नको होते. म्हणून मी कँबर, म्हणजे चाकाचा माथा आत झुकण्याचा कोन, वाढवायचे ठरवले.

या गाडीला कारखान्यातून पुढे जवळजवळ शून्य कँबर असतो आणि तो बदलण्याची सोयही दिलेली नाही. स्वस्त मार्ग म्हणजे स्ट्रट आणि नकल (चाक ज्यावर बसते तो भाग) जोडणाऱ्या वरच्या बोल्टच्या जागी कँबर बोल्ट घालणे. मी तेच केले, दीड अंश मिळाला आणि मडगार्डची कड सुटली. मात्र या बोल्टने स्ट्रट जागेवरच राहतो आणि चाकाचा माथा तेवढा स्ट्रटकडे झुकतो. रिम आधीच २२ मिलिमीटर आत आलेली असताना, त्यात हा कल मिळाल्यावर, टायर आणि स्ट्रट यांच्यामध्ये पोस्टकार्ड कसेबसे सरकत होते. ज्या दुकानात चाके बसवली तिथे ‘बसतील, काळजी नको’ असे सांगितले गेले होते; उभ्या गाडीवर, सरळ चाकांनी पाहिले तर ते खरेही होते. आता ती फट राखण्यासाठी रिमच्या मागे ५ मिलिमीटरची चकती, म्हणजे स्पेसर, घालावा लागला. स्पेसर घातला की चाक तेवढे बाहेर, म्हणजे मूळ कडेपेक्षा ३३ मिलिमीटर बाहेर आले. आणि चाक जितके बाहेर, तितका स्टिअरिंग वळवल्यावर त्याचा फेरा मोठा. एक घासणे मिटवायला गेलो आणि दुसरे ओढवून घेतले.

आमच्या इमारतीचा वाहनतळ तळघरात आहे. खाली जाणारी वाट अरुंद, आणि माझी जागा खांबाच्या मागे असल्याने रोज संध्याकाळी स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी मागे घ्यावी लागते. त्या बंद जागेत, काँक्रीटच्या भिंतींमध्ये, टायर लायनरवरून जाण्याची खरखर दुप्पट होऊन ऐकू यायची. शेजारी वळून बघायचे. हीट गनने लायनर मऊ करून मागे दाबला. पंधरा दिवस बरे गेले, मग तो पुन्हा हळूहळू पुढे आला. एका रविवारी चाक काढून पाहिले तर लायनरवर चंद्रकोरीच्या आकाराचा गुळगुळीत, चकाकता पट्टा पडला होता, आणि खालच्या खाचेत काळ्या प्लास्टिकचा भुसा साचला होता, जाडसर रव्यासारखा. पट्ट्याच्या मध्यावर प्लास्टिक इतके पातळ झाले होते की अंगठ्याने दाबल्यावर आत जात होते.

माझा निर्णय त्या तळघराने केला. ट्रॅकवर मी वर्षातून तीनदा जातो, खांबामागे रोज गाडी लावतो. हळूहळू माझ्या लक्षात आले की मी स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवायचेच टाळू लागलो आहे, एका वळणात होणारे काम तीन वेळा पुढे-मागे करून करतो आहे. या गाडीचे स्टिअरिंग हीच तिची सर्वांत मोठी गंमत असताना त्याच्या दोन्ही टोकांना जायला मी कचरत होतो, आणि हे मला मनापासून सलत होते.

२२५/४५ घातल्यावर सांगण्यासारखे फारसे काही घडले नाही, आणि तीच त्याची मोठी जमेची बाजू आहे. कँबर बोल्ट तसेच ठेवले, स्पेसर काढून टाकला, स्ट्रटकडे करंगळी सहज जाते. पूर्ण वळवलेल्या चाकाने तळघरात मागे येताना फक्त टायरचा आवाज येतो. फुक्सर्योरेच्या तळाशीही काही लागत नाही. पकड २४५इतकी नाही हे मान्य करतो. ब्लॅक फॉरेस्टच्या त्याच रस्त्यावर नाक थोडे आधी सुटते. पण ते सुटताना आधी सांगून सुटते, स्टिअरिंग हातात हलके होत जाते, आणि ती सूचना मला २४५वर तितकी स्पष्ट मिळत नव्हती. मूळ २१५च्या तुलनेत ओल्या रस्त्यावरचा फरक तर भरपूर आहे. अर्थात त्यातला मोठा वाटा रुंदीपेक्षा चांगल्या रबराचा असावा असे मला प्रामाणिकपणे वाटते.

कागदपत्रांचाही मुद्दा आहे. जर्मनीत रिम बदलली की तिचे प्रमाणपत्र लागते, आणि बहुतेक वेळा ट्यूफ किंवा डेक्रा या वाहनतपासणी संस्थांच्या तपासनीसाकडून पडताळणी करून घ्यावी लागते. तो गाडीची चाके तिरकी चढवतो, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवतो आणि विजेरी घेऊन आत डोकावतो. कोणत्या मापासाठी मडगार्ड किंवा लायनरमध्ये काय बदल करावे लागतील, हे त्या प्रमाणपत्राच्या अटींतच लिहिलेले असते. खरेदीआधी त्या अटी शांतपणे वाचल्या तर निम्मे उत्तर तिथेच मिळते. मी त्या नंतर वाचल्या.

२४५ कोणी घेऊच नयेत असे मी म्हणणार नाही. माझ्या कामाच्या ठिकाणी एक नाशिककर मित्र आहे. त्याच्या बीआरझेडवर हेच माप आहे आणि तो समाधानी आहे. त्याने बोल्टऐवजी स्ट्रटच्या वरच्या टोकाला कँबर प्लेट बसवल्या. त्यांनी स्ट्रट आणि चाक मिळून आत झुकतात, त्यामुळे दोघांमधली फट तशीच राहते आणि स्पेसरची गरज पडत नाही. त्याला जवळपास अडीच अंश मिळाला आहे. मात्र प्लेटमधून रस्त्याचा बारीक खडखडाट आत येतो, आणि तो महिन्यातून दोनदा ट्रॅकवर जातो म्हणून त्याला ते चालते. ज्यांचे तसे आहे त्यांनी प्लेटचा खर्च आधीच धरून मग २४५चा विचार करावा. बोल्टवर भागवू नये.

केवळ पुढे रुंद टायर घालून मागे २१५ ठेवण्याचा सल्लाही अधूनमधून ऐकू येतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या या गाडीत तसे केले की पावसात मागची बाजू आधी सुटू लागेल. माझ्या मते चारही चाकांना एकच माप असावे, म्हणजे टायर पुढचे मागे फिरवताही येतात.

कोणतेही माप घ्या, चाके बसवून पक्की आवळल्यावर टायरच्या खांद्यावर आतून आणि बाहेरून खडूचे जाड पट्टे ओढावेत, शेजारी एक माणूस बसवून गाडी एखाद्या गतिरोधकावरून न्यावी, मग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पुढे आणि मागे घ्यावी, आणि खडू कुठे पुसला ते पाहावे. मागे घेताना पाहणे विसरू नये, माझा टायर पुढे जाताना लागतच नव्हता. साडेसात इंची रिम मिळाली नाही तर आठ इंची, ४८ ऑफसेटची रिमही २२५ला चालते. तीत कड दोन्हीकडे सुमारे १३ मिलिमीटर सरकते, तेव्हा कँबर बोल्ट घालण्याआधी स्ट्रटकडची फट तेवढी मोजून घ्यावी.