प्रयोगांसाठी सहभागी जमवताना: ‘सोना सिस्टिम्स’च्या वर्षभराच्या वापरानंतर

अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात भाषा आणि मेंदू यांवरील प्रयोगांसाठी सहभागी जमवण्याचे काम माझ्याकडे आहे आणि त्यासाठी गेले शैक्षणिक वर्षभर मी ‘सोना सिस्टिम्स’ वापरत आहे. मानसशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमातील विद्यार्थ्यांनी प्रयोगांत भाग घ्यायचा आणि त्याबदल्यात क्रेडिट (अभ्यासक्रमात धरले जाणारे गुण) मिळवायचे, ही तिकडची जुनी पद्धत आहे. १९९७ पासून चालत आलेली ही वेब-प्रणाली त्या देवघेवीचा हिशेब ठेवते. संशोधक स्लॉट, म्हणजे प्रयोगाच्या उपलब्ध वेळा, टाकतो, विद्यार्थी सोयीचा स्लॉट घेतो, आठवण करून देणारी ईमेल आपोआप जाते आणि शेवटी हजेरी लावली की क्रेडिट खात्यात जमा होते. पुण्यात एम.ए. करताना वर्गावर्गांत कागद फिरवून नावे गोळा करणे आणि मग संध्याकाळभर एकेकाला फोन लावत बसणे ज्याने केले आहे, त्याला एवढ्यानेच हायसे वाटावे.

तरीही माझ्या लेखी या प्रणालीचा खरा उपयोग स्लॉटपेक्षा प्रीस्क्रीनमध्ये, म्हणजे सहभागींच्या पूर्वचाळणीत, आहे. डावखुऱ्या व्यक्तींमध्ये मेंदूतील भाषेची विभागणी अधिक वैविध्यपूर्ण असल्याने आमच्या ईईजी (डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूतील विद्युत-हालचाल नोंदवणे) प्रयोगात फक्त उजव्या हाताने लिहिणारे चालतात, म्हणजे साधारण दहातला एक जण सुरुवातीलाच गळतो. सेमिस्टरच्या आरंभी सर्वांनी एकच सामाईक प्रश्नावली भरलेली असते. तिच्यातील उत्तरांवर आपण अटी लावल्या की त्यांत न बसणाऱ्याला आपला प्रयोग यादीत दिसतच नाही आणि आपली अट काय आहे हे बसणाऱ्यालाही कळत नाही. हे फार मोलाचे आहे, कारण अट जाहिरातीतच लिहिली, तर अर्ध्या क्रेडिटसाठी अडलेला विद्यार्थी रातोरात उजवा होतो. प्रयोगाचे नाव मात्र आपणच ठेवायचे असते. ‘नैराश्य आणि स्मरणशक्ती’ असे नाव देऊन अटी लपवण्यात काही अर्थ नाही, तिथे ‘शब्द आणि चित्रे’ पुरते.

प्रीस्क्रीनमध्ये काय विचारू नये, याचा विचार प्रणाली आपल्यासाठी करत नाही. नैराश्याच्या लक्षणांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीतील नववा प्रश्न आत्महत्येच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. शेकडो विद्यार्थ्यांची उत्तरे सर्व्हरवर पडून राहणार आणि कोणी त्याच दिवशी ती वाचणार नसेल, तर असा प्रश्न विचारणे म्हणजे हाक मारायला सांगून दार बंद ठेवणे होय. तो प्रश्न वगळलेली पीएचक्यू-८ उपलब्ध आहे आणि सामूहिक चाळणीसाठी मी तिचाच आग्रह धरतो. विद्यार्थी म्हटला की तो अठरा वर्षांचा असणारच, हेही गृहीत धरू नये; पहिल्या सेमिस्टरमध्ये सतरा वर्षांचे अनेक जण असतात आणि त्यांच्यासाठी पालकांच्या परवानगीचा प्रश्न येतो, म्हणून वयाची अट मी सर्वांत आधी लावतो.

गैरहजेरीवर मात्र सॉफ्टवेअरचा इलाज अर्धामुर्धाच. ईईजीची टोपी बसवून प्रत्येक इलेक्ट्रोडखाली जेल भरायलाच अर्धा तास सहज जातो. दोन सहायक त्यासाठी सज्ज होऊन बसलेले असताना सहभागी आलाच नाही, तर तो स्लॉट ऐनवेळी दुसऱ्या कोणाला देता येत नाही. स्लॉट रद्द करण्याची मुदत आणि न सांगता दांडी मारल्यास होणारा दंड विभागाचा प्रशासक ठरवतो, म्हणून हे नियम किती कडक आहेत ते आधीच विचारून घ्यावे. आमच्याकडे केस धुऊन, तेल न लावता येण्याची सूचना आठवणीच्या मजकुरात घातल्यापासून येणाऱ्यांची तयारी तरी सुधारली.

सेमिस्टरची चालही ओळखून असावे. सुरुवातीला स्लॉट ओस पडतात आणि शेवटच्या दोन आठवड्यांत झुंबड उडते. तेव्हा येणारे बहुतेक जण काम लांबणीवर टाकणारे आणि परीक्षेने दमलेले असतात, त्यामुळे प्रयोगाचा एक गट ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आणि दुसरा नोव्हेंबरमध्ये उरकला, तर दिसणारा फरक प्रयोगाचा की कॅलेंडरचा हे सांगता येणार नाही. स्लॉट उघडतानाच दोन्ही गट सेमिस्टरभर विखुरलेले बरे.

ऑनलाइन प्रश्नावल्यांचे काम सर्वांत सुरळीत चालते. क्वालट्रिक्स या ऑनलाइन सर्वेक्षणांच्या सॉफ्टवेअरशी जोडणी केली की सहभागीचा सांकेतिक क्रमांक आपोआप पुढे जातो, प्रश्नावली संपताच क्रेडिट मिळते आणि आपल्याला नाव कळण्याची गरजच उरत नाही. ज्यांना प्रयोगांत भाग घ्यायचा नाही, त्यांना तेवढ्याच श्रमाचा दुसरा पर्याय देणे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या आचारसंहितेनुसार बंधनकारक आहे. तो पर्याय वीस पानी निबंधाचा नसावा, एवढे अभ्यासक्रम शिकवणाऱ्यांशी बोलून घ्यावे लागते.

ज्या विभागाकडे क्रेडिटसाठी भाग घेणाऱ्या विद्यार्थ्यांचा भरणा आहे, त्याने ही प्रणाली जरूर घ्यावी. वृद्ध, नोकरदार किंवा लहान मुलांचे पालक हवे असतील तर ती आपणहून कोणालाही आणून देत नाही; तिथे ऑनलाइन कामासाठी प्रोलिफिकसारखा पैसे मोजून चालणारा मंच आणि टोपी घालण्याच्या कामासाठी वाचनालयात लावलेले पत्रकच उपयोगी पडते.