६४ मिमी ग्राइंडरसाठी एसएसपी बर्स: कोणते घ्यावेत आणि बसवताना काय सांभाळावं

दिवसाला १८ ग्रॅमचे दोन डोस दळले, तर वर्षाला साधारण १३ किलो कॉफी ग्राइंडरमधून जाते. बर्स म्हणजे ग्राइंडरमधल्या बिया दळणाऱ्या दातेरी चकत्या. ६४ मिमीच्या पोलादी सपाट बर्सचं आयुष्य उत्पादक काही शे किलोंमध्ये मोजतात. त्यामुळे घरच्या ग्राइंडरचे बर्स झिजून निकामी व्हायला कित्येक वर्षं लागतात. कॅफेत दिवसाला दोन-तीन किलो दळण निघतं, तिथे हेच बर्स काही महिन्यांत उतरतात. घरी बर्स बदलायची कारणं दोनच उरतात: बियांमधून खडा येऊन दाताचा कपचा उडाला, किंवा कपातली चव वेगळी हवी आहे. हे परीक्षण दुसऱ्या कारणासाठी आहे. कोरियातल्या एसएसपीचे ६४ मिमी सपाट बर्स डीएफ६४ आणि माझ्झर सुपर जॉलीसारख्या ग्राइंडरमध्ये बसतात. त्यांतले एस्प्रेसोसाठी सर्वाधिक घेतले जाणारे दोन प्रकार म्हणजे हाय युनिफॉर्मिटी आणि मल्टिपर्पज.

निर्णय आधीच सांगतो. मध्यम ते गडद रोस्ट आणि बहुतेक वेळा दुधाची कॉफी असेल, तर मूळचे पोलादी बर्स नीट सरळ बसवून घ्या. नव्या बर्सवर खर्च करू नका. मध्यम रोस्टची काळी कॉफी पिणाऱ्याने हाय युनिफॉर्मिटी घ्यावेत. रोज हलका रोस्ट पिणाऱ्याने आणि सेटिंगशी झटायची तयारी असलेल्याने मल्टिपर्पजचा विचार करावा. कोणतेही घेतले तरी दोन्ही चकत्या एकमेकींना समांतर बसल्या नाहीत तर पैसे वाया गेले असं समजा.

दोन प्रकारांतला फरक दातांच्या आकाराचा आहे, आणि तो कपात स्पष्ट कळतो. हाय युनिफॉर्मिटीचं दळण एस्प्रेसोसाठीच आखलेलं आहे. त्यात पुरेशी बारीक भुकटी राहते, त्यामुळे शॉटला (एका वेळी काढलेल्या एस्प्रेसोला) अंग येतं, क्रेमा म्हणजे वरचा फेस टिकतो आणि पाण्याला पकमधून, म्हणजे दाबून बसवलेल्या दळणातून, योग्य अडथळा मिळतो. मूळ पोलादी बर्सपेक्षा चवी सुट्या लागतात, पण एस्प्रेसोचा भरदारपणा जात नाही. मल्टिपर्पजमध्ये अतिबारीक कण कमी होतात. हलक्या रोस्टमधली फळांची आंबट-गोड चव उघडी पडते, पण शॉट पातळ लागतो. हेच बर्स गडद रोस्टवर वापरले तर कॉफी फिकी आणि पोकळ होते, आणि दूध घातल्यावर चव जवळजवळ हरवते. शिवाय अडथळा देणारी भुकटी कमी असल्यामुळे दळण आणखी बारीक करावं लागतं, म्हणजे चकत्या आणखी जवळ आणाव्या लागतात. बर्स सरळ बसवणं मल्टिपर्पजमध्ये सर्वांत जास्त महत्त्वाचं ठरतं ते यामुळे.

लाल रंगाच्या रेड स्पीड लेपाबद्दल पुष्कळ बोललं जातं. हा टायटॅनियम-अ‍ॅल्युमिनियमयुक्त कठीण लेप आहे. त्याने धार जास्त काळ टिकते, गंज लागत नाही, तेलकट भुकटी कमी चिकटते. चव ठरते ती दातांच्या आकारामुळे. घरच्या वापरात साध्या पोलादाचं आयुष्यही भरपूर असतं, तेव्हा लेपासाठी जादा पैसे मोजायचे की नाही हे टिकाऊपणा पाहून ठरवा. स्वाद सुधारेल या आशेने मोजू नका.

मागवण्याआधी तीन गोष्टी तपासा. पहिली, व्यास आणि स्क्रूंची छिद्रं. ६४ मिमी लिहिलेला प्रत्येक बर प्रत्येक ६४ मिमी ग्राइंडरमध्ये बसतोच असं नाही. जाडी आणि मधल्या छिद्राचा व्यास वेगळा असू शकतो. दुसरी, मोटर फिरण्याची दिशा. उजव्या आणि डाव्या फिरकीचे बर्स पाहताना सारखेच वाटतात, पण दातांचा कल आरशातल्यासारखा उलटा असतो. उलट्या दिशेचे बर्स बसवले तर दात बी कापत नाहीत, नुसते घासतात. दळण गरम होतं आणि बाहेर पडायला फार वेळ लागतो. तिसरी, स्क्रू. ते बहुधा एम४ मापाचे, शंकूच्या डोक्याचे असतात आणि डोकं बरच्या पृष्ठभागाच्या खाली बुडावं लागतं. स्क्रू गरजेपेक्षा लांब असेल तर तो छिद्राच्या तळाला टेकतो, हाताला घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण बर मात्र सैलच राहतो. हा दोष लवकर सापडत नाही.

आता काढणं. प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. हॉपर (बिया भरायचं वरचं भांडं) रिकामा करा, आत राहिलेल्या बिया आधी दळून टाका, सध्याच्या सेटिंगचा फोटो काढून ठेवा. सुपर जॉलीमध्ये वरचा बर ज्या कॉलरला लावलेला असतो ती कॉलर आट्यांवर फिरते. ती पूर्ण बाहेर निघाली की खाली तीन स्प्रिंगा असतात. कॉलर उचलताना त्या उडून हरवतात, तेव्हा ट्रेमध्ये काम करा. आट्यांवरची भुकटी कोरड्या ब्रशने झाडून काढा. ग्राइंडर कायमचा बिघडवणारी चूक नवे बर्स बसवताना नाही, तर कॉलर परत लावताना होते: आटे तिरके चढतात. कॉलर ठेवल्यावर आधी उलटी, म्हणजे सैल करण्याच्या दिशेने फिरवा. आटे एकमेकांत पडल्याचा छोटा खटका जाणवला की मग सुलटी फिरवा. पहिले दोन फेरे बोटांनी सहज गेले पाहिजेत. अडलं तर जोर लावू नका, परत काढा. इथे आटे मेले तर बॉडीच बदलावी लागते.

बरचे स्क्रू वर्षानुवर्षं कॉफीच्या तेलाने चिकटून बसलेले असतात. पेचकसाचं टोक खाचेत अगदी बरोबर बसलं पाहिजे; लहान टोकाने खाच गोल होते आणि मग ड्रिलशिवाय पर्याय उरत नाही. खाचेतली भुकटी टाचणीने कोरून काढा, पेचकस उभा दाबून धरा आणि सावकाश पिळा. खालचा बर स्क्रूबरोबर फिरत असेल तर तो अडवायला दातांमध्ये दुसरा पेचकस खुपसू नका, दात उडतो. लाकडाची पाचर लावा किंवा बरखालची बैठक कापडाने घट्ट धरा. बर निघत नसेल तर दोन स्क्रू अर्धे परत घाला आणि त्यांना धरून वर उचला.

बैठक साफ करणं हे या कामातलं सर्वांत दुर्लक्षित पाऊल आहे. एस्प्रेसो दळताना दोन चकत्यांमधलं अंतर साधारण दोन-तीनशे मायक्रॉन असतं. बरखाली सुकलेल्या भुकटीचा तीस-चाळीस मायक्रॉनचा थर राहिला तरी चकती एका बाजूला उचलली जाते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नख फिरवून खवले जाणवतात का बघा, रंगाचे डाग किंवा धातूचा कंगोरा असेल तर बारीक पॉलिश कागदाने अलगद सपाट करा. साध्या पोलादी बर्सना पाणी लावू नका. बर ठेवल्यावर तिन्ही स्क्रू आधी हलके लावा, मग आळीपाळीने थोडे थोडे पिळत घट्ट करा. शेवटची पकड मनगटाची हवी, दंडाची नको. जास्त आवळलं की छिद्राजवळ चकती वाकते.

समांतरपणा तपासायला व्हाइटबोर्डचा मार्कर पुरतो. दोन्ही चकत्यांच्या बाहेरच्या सपाट कडेवर शाई लावा आणि ग्राइंडर जोडा. रिकाम्या ग्राइंडरची मोटर चालू करून चकत्या सावकाश जवळ आणा. पहिला बारीक किणकिणाट ऐकू आला की लगेच मागे घ्या आणि बंद करा. ही घासण एका सेकंदापेक्षा जास्त चालू देऊ नका. मग उघडून शाई कुठे पुसली गेली ते पाहा.

वाचन असं करायचं: ज्या चकतीवर शाई फक्त एका भागात पुसली आहे, ती चकती तिरकी आहे. तिचा उंच भाग समोरच्या चकतीला फिरताना सगळीकडे स्पर्श करतो, म्हणून समोरच्या चकतीवर पूर्ण वर्तुळ पुसलेलं दिसतं. खालचा बर एकाच जागी पुसला आणि वरचा पूर्ण पुसला, तर दोष खालच्यात आहे. उलट दिसलं तर वरच्यात. दोन्हींवर अर्धवट पुसलं असेल तर दोन्ही थोडे तिरके आहेत. आधी खालचा सरळ करा.

दुरुस्तीसाठी स्वयंपाकघरातला अ‍ॅल्युमिनियम फॉइल चालतो, त्याची जाडी सर्वसाधारणपणे पंधरा-वीस मायक्रॉन असते. जिथे शाई तशीच राहिली तो भाग समोरच्या चकतीपासून लांब आहे, तेव्हा त्या बाजूच्या स्क्रूजवळ, बर आणि बैठकीच्या मध्ये फॉइलचा नखाएवढा तुकडा ठेवा. एका वेळी एकच थर द्या आणि पुन्हा चाचणी करा. कडेचा बहुतेक भाग एकसारखा पुसला गेला की थांबा. शंभर टक्के पुसण्याच्या मागे लागून फॉइलची चळत रचण्यात अर्थ नाही. तीन-चार थर द्यावे लागत असतील तर बैठकीवर घाण आहे, किंवा बैठक किंवा शाफ्टच वाकडा आहे. हे सगळं सुरू करण्याआधी खालचा बर दोन बोटांनी धरून हलवून पाहा. आडवा खेळ जाणवला तर बेअरिंग गेलेलं आहे, आणि फॉइलने बेअरिंग दुरुस्त होत नाही.

नव्या बर्सवर पहिला शॉट पिऊन मत बनवू नका. धारेवर यंत्रकामातून राहिलेले सूक्ष्म कंगोरे असतात, ते झडेपर्यंत दळण अस्थिर असतं. त्याच सेटिंगवर एक शॉट सावकाश येतो, पुढचा धावतो, चॅनेलिंग होतं (पाणी पकमधल्या एखाद्याच वाटेने निसटतं), चव तुरट लागते. हाय युनिफॉर्मिटी यातून लवकर बाहेर पडतात. मल्टिपर्पजना दोन ते पाच किलो कॉफी लागते असं धरून चाला. त्यासाठी शिळ्या किंवा स्वस्त बिया घ्या आणि एस्प्रेसोपेक्षा थोडं जाड दळा. तांदूळ घालू नका. तो कॉफीच्या बियांपेक्षा कठीण असतो, मोटरवर ताण येतो आणि पिठाचा थर आतल्या कोपऱ्यांत बसतो. घरच्या ग्राइंडरची मोटर सलग चालण्यासाठी नसते. शंभरेक ग्रॅम दळलं की तिला थंड होऊ द्या. बॉडी हाताला गरम लागली म्हणजे फार झालं.

सेटिंगचे जुने आकडे आता विसरा. नव्या चकत्यांची जाडी किंचित वेगळी असते, म्हणून शून्य नव्याने शोधावं लागतं. किणकिणाट सुरू होतो तो बिंदू नोंदवा आणि तिथून मोकळं करत या. सुरुवातीचे शॉट एकाच कॉफीचे आणि एकाच डोसचे ठेवा, नाहीतर बदल बरचा की बियांचा ते कळत नाही. हाय युनिफॉर्मिटीवर १८ ग्रॅमचे ३६ ते ४० ग्रॅम, २५ ते ३० सेकंदांत, ही चांगली सुरुवात आहे. मल्टिपर्पजवर हलक्या रोस्टसाठी ४५ ग्रॅमपर्यंत जा आणि मशीनमध्ये प्रीइन्फ्युजन (आधी कमी दाबाने पक भिजवणं) असेल तर ते वापरा. थेट नऊ बारचा दाब देणाऱ्या मशीनवर मल्टिपर्पजचा पक सहज फुटतो, त्यामुळे टॅम्प करण्याआधी (दळण दाबून बसवण्याआधी) सुयांनी दळण मोकळं आणि सारखं करणं टाळता येत नाही. किणकिणाटाच्या अगदी जवळ जाऊनही शॉट धावत असेल तर टॅम्पला दोष देण्याआधी मार्करची चाचणी पुन्हा करा.

हलका रोस्ट इतका बारीक दळताना छोटी मोटर अडू शकते. मोटर आधी चालू करा आणि बिया मग ओता. आत बिया भरलेल्या असताना सुरू केलं की ती गुरगुरून थांबते. असं झालं तर बटण लगेच बंद करा, प्लग काढा आणि चकत्या मोकळ्या करूनच पुन्हा चालवा.

इतर ग्राइंडरवाल्यांसाठी थोडक्यात. निश झीरोमध्ये ६३ मिमीचे शंकू बर्स आहेत. सपाट बर्सची चव त्यात आणता येणार नाही, ते साफ ठेवणं एवढंच हातात आहे. युरेका मिन्योनच्या काही मॉडेलमध्ये ५० मिमी आणि काहींत ५५ मिमीचे बर्स असतात, तेव्हा मॉडेलच्या नावावर न जाता जुना बर काढून व्यास मोजा. बराट्झा एन्कोरमध्ये एम२ नावाचा बर लावता येतो. तो लावल्यावर दळण अधिक बारीक आणि सारखं होतं, पण एन्कोरच्या सेटिंगचे टप्पे मोठे असल्याने एस्प्रेसो नेमका साधत नाही. तेच पैसे बाजूला ठेवून एस्प्रेसोसाठी बनवलेला ग्राइंडर घेणं जास्त शहाणपणाचं.

काढलेले मूळ बर्स त्यांच्या स्क्रूंसकट कोरड्या डबीत ठेवा आणि कोणता वरचा, कोणता खालचा हे मार्करने लिहून ठेवा. मल्टिपर्पज आवडले नाहीत तर परतीची वाट तीच आहे, आणि ग्राइंडर विकताना घेणारा ते मागतोच.