'सखी' वन स्टॉप सेंटर: निवारा भरवशाचा, समजोत्याच्या बैठकीत मात्र जपून

नवरा किंवा सासरचे जीव घेतील अशी भीती असलेल्या बाईसाठी 'सखी' वन स्टॉप सेंटर ही केंद्र सरकारची योजना 2015पासून चालू आहे. दवाखाना, पोलीस, वकील, समुपदेशन आणि पाच दिवसांपर्यंत निवारा, सगळं मोफत. पत्ता 181वर मिळतो. मारहाण चालू असेल तर सरळ 112. सोबतच्या मुलग्यांना वयाची अट असते, ती फोनवरच विचारावी.

नेसत्या वस्त्रानिशी निघालेल्या बाईला टेकायला जागा मिळते, हे या सेवेचं मोठं काम. पण पाच दिवस बघता बघता सरतात, म्हणून पुढच्या निवाऱ्यासाठी, म्हणजे शक्ती सदनासाठी, पहिल्याच दिवशी अर्ज द्यावा.

घोळ होतो तो समुपदेशनात. पुष्कळ ठिकाणी पहिल्याच बैठकीला नवऱ्याला बोलावतात, "नीट नांदवीन" असं लिहून घेतात आणि बाईला परत धाडतात. हे जिवावर बेतू शकतं. तो समोर असताना, त्यानं गळा दाबला होता हे ती सांगत नाही. आणि ज्यानं एकदा गळा दाबला, त्याच्या हातून पुढे खून होण्याचा धोका कितीतरी वाढलेला असतो. म्हणून हा प्रश्न तिला एकटीला, थेट विचारलाच पाहिजे. गळ्यावर वळ अनेकदा नसतोच. आवाज घोगरा होतो, गिळताना दुखतं, डोळ्यांत बारीक लाल ठिपके दिसतात, कधी त्या क्षणी लघवी झालेली असते. सूज नंतरही वाढते, त्यामुळे बरं वाटत असलं तरी रुग्णालयात न्यावं. एमएलसीत, म्हणजे रुग्णालयाच्या पोलीस-कोर्टासाठीच्या नोंदीत, नुसतं 'मारहाण' नको. 'गळा दाबला' हे शब्द आणि ही लक्षणं लिहून घ्यावीत.

त्यानंतर संरक्षण अधिकाऱ्याकडून, म्हणजे 2005च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडून, घरगुती घटना अहवाल भरून घ्यावा. याच कायद्याच्या कलम 12खाली न्यायालयात अर्ज करताना कलम 23चा अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतचा तात्पुरता, आदेशही त्याच दिवशी मागावा. कायद्यात पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आहे, पण नोटीस बजावण्यातच आठवडे जातात. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. न्यायालयानं समुपदेशन सांगितलं, तरी तिथे नवऱ्याला मारहाणीचं समर्थन करू द्यायचं नाही, असं या कायद्याचे 2006चे नियम सांगतात. बैठकीत हे ठणकावून सांगावं.

घर सोडल्यानंतरचे दिवस सगळ्यांत धोक्याचे. दागिने, मुलांचे दाखले आणायला एकटीनं जाऊ नये. केंद्राकडे पोलिसांची सोबत मागावी.