आठवड्याची गोळ्यांची डबी: डोस लक्षात राहतो, एक्स्पायरी हरवते

सात दिवस, दिवसाच्या चार वेळा, असे 28 कप्पे असलेली प्लॅस्टिकची डबी बीपीच्या पेशंटला हमखास सुचवली जाते. तिचं मुख्य काम ती चोख करते. सकाळची गोळी घेतली की नाही हे झाकण उघडलं की कळतं, आणि विसरून तोच डोस दुसऱ्यांदा पोटात जात नाही. एवढ्यावर तिला पाचपैकी साडेतीन तारे. उरलेला दीड तारा एक्स्पायरी आणि दमटपणा यांच्यापायी गेला.

एक्स्पायरी आणि बॅच नंबर स्ट्रिपवर असतात, गोळीवर नसतात. त्यातही बऱ्याच स्ट्रिपवर ते एकाच टोकाला छापलेले असतात आणि नेमकं तेच टोक आधी कापलं जातं. डबीत गोळी सुटी टाकली की ती कुठल्या बॅचची, कधीपर्यंतची, हे सांगायला काहीच उरत नाही. दुसरी गोष्ट सहसा लक्षात येत नाही: छापलेली तारीख बंद पाकिटासाठी असते, तीही सांगितलेल्या तापमानात ठेवलं तर. एक्स्पायरी 08/2027 असेल तर सीलबंद गोळी ऑगस्टच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालते. फॉइल फोडून कप्प्यात ठेवलेल्या गोळीला ती हमी लागू नाही.

मग तारीख उलटलेली बीपीची गोळी विषारी होते का? सहसा नाही. इथे अमेरिकन लष्कराच्या औषधसाठ्याचा दाखला दिला जातो. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 122 औषधं तपासली होती, आणि सुमारे 88 टक्के बॅचेसची मुदत निदान एक वर्षाने वाढवता आली. आकडे खरे आहेत, पण ती औषधं मूळ सीलबंद पाकिटात, तापमान सांभाळून ठेवलेली होती आणि प्रत्येक बॅचची तपासणी झाली होती. स्वयंपाकघरातल्या डबीला तो निकाल लावता येत नाही. बीपीच्या बाबतीत खरी अडचण आहे ती गोळी कमजोर होण्याची. ताप उतरला नाही तर कळतं. बीपी चढलं तर बहुतेकांना काहीच जाणवत नाही.

सगळ्या गोळ्या सारख्या नाजूक नसतात. रामिप्रिल, एनालाप्रिल, पेरिंडोप्रिल ही मंडळी ओलाव्याला हळवी. रामिप्रिलचा रेणू दमट, उष्ण हवेत तुटतो आणि जे तयार होतं त्यातला एक पदार्थ बीपीवर काहीच काम करत नाही. निफेडिपिन उजेडाने बिघडतं, म्हणून पारदर्शक झाकणाची डबी त्याच्यासाठी बादच. अॅम्लोडिपिन त्यामानाने सोशिक, तरी तेही उजेडापासून लांब ठेवायचंच. बीपीसोबत अॅस्पिरिन चालू असेल आणि कप्प्यातून व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर डबीत ओल शिरते आहे हे नक्की. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळी मात्र या डबीत कधीच नको. तिच्यातलं औषध उडून जातं, ती मूळ बाटलीतच हवी.

झाकण किती घट्ट आहे हे घेतल्या घेतल्या तपासता येतं. दमट दिवसांत एका कप्प्यात चिमूटभर कोरडं मीठ टाकून डबी दोन दिवस ठेवा. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांवर गेली की मीठ पाणी धरतं. मिठाचे खडे झाले, तर झाकण फक्त गोळी सांडू न देण्यापुरतंच आहे. नुसत्या खटक्याच्या झाकणांकडून याहून जास्त अपेक्षा करू नये. कडेला रबराची पट्टी असलेली, अपारदर्शक डबी थोडी महाग पडली तरी तीच घ्यावी.

भरताना एका वेळी सातच दिवसांच्या गोळ्या भरा. महिन्याचं एकदम भरून मोकळं होण्याचा मोह वाईट. कप्पा पुरेसा मोठा असेल तर गोळी फोडूच नका: स्ट्रिपचा तेवढा चौकोन कात्रीने कापून ठेवा, गोळीभोवतीची चिकटवलेली कड न दुखावता. कापायची सुरुवात तारखेच्या विरुद्ध टोकाकडून करा. रिकामी होईपर्यंत स्ट्रिप टाकायची नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला औषधाचं नाव, बॅच आणि महिना लिहिलेली चिठ्ठी चिकटवा. नवी स्ट्रिप आली की जुनी आधी संपवायची. डबी बाथरूममध्ये, फ्रीजवर किंवा गॅसजवळ नको.

मुदत संपलेली एखादी गोळी चुकून घेतली गेली तर घाबरू नका, आणि भरपाई म्हणून दुसरी तर मुळीच घेऊ नका. त्याहून मोठी चूक म्हणजे जुन्या गोळ्या फेकून नव्या येईपर्यंत औषध बंद ठेवणं. क्लोनिडिन किंवा अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉलसारखी औषधं अचानक थांबवली तर बीपी उसळू शकतं, हृदयाच्या पेशंटला छातीत दुखू शकतं. त्याच दिवशी फार्मासिस्टला किंवा डॉक्टरांना फोन करून मधल्या डोसचं काय करायचं ते विचारा. पाच मिनिटं शांत बसून, दंड हृदयाच्या पातळीला ठेवून, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा बीपी मोजा. हे सकाळ-संध्याकाळ आठवडाभर करा आणि आकडे लिहून न्या. 180/120 च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलण्यात अडखळणं किंवा एका बाजूला अशक्तपणा असेल, तर थेट इमर्जन्सी गाठा.

डबी धुतल्यावर एक दिवस उघडी वाळवा. बिजागरीच्या खाचेत राहिलेलं पाणी दिसत नाही आणि पहिल्याच कप्प्यातली गोळी त्याने मऊ पडते.