रिंगणातले शिबिर की डोंगरवाटेवरचे?

अमेरिकेच्या पश्चिम भागात रानवाटांवर घोडेस्वारी करणाऱ्यांसाठी, स्वार आणि घोडा यांना एकत्र शिकवणारी, दोन प्रकारची शिबिरे भरतात. रिंगणातल्या शिबिरात लाकडी पूल, ताडपत्री, ओंडके आणि फाटक असे अडथळे मांडलेले असतात. घोडा बुजला तर त्याला हवे तितक्या वेळा त्याच ताडपत्रीपाशी आणता येते आणि त्याने एक पाऊल पुढे टाकताच लगाम सैल सोडण्याची सवय स्वाराच्या हाताला लावता येते. ही वेळ साधणे फार महत्त्वाचे, कारण दाब सुटतो त्या क्षणी घोडा शिकतो.

प्रत्यक्ष वाटेवरच्या शिबिरात मात्र ओढा, घसरडा उतार, मागून येणारा सायकलस्वार यांपैकी फारसे काही ठरवून आणता येत नाही. शिवाय कळपाने राहणाऱ्या या प्राण्याला सोबतचे घोडे पुढे निघून गेल्याची धास्ती ताडपत्रीपेक्षा मोठी वाटते, आणि ती रिंगणात क्वचितच उघड होते.

एका बाजूचा लगाम खेचून घोडा वळवत थांबवणे ज्याला अजून जमत नाही, त्याने रिंगणच निवडावे (अरुंद कड्यावर तर ही युक्ती जमत असली तरी धोक्याचीच). घोडा केवळ बाहेर पडल्यावर अस्वस्थ होत असेल, तर एखाद्या शांत, अनुभवी घोड्याच्या सोबतीने केलेले वाटेवरचे शिबिर अधिक उपयोगी ठरेल.