आर्सेनल की लिव्हरपूल? जर्सीवर नाव छापायच्या आधी एवढं बघा

"प्रीमियर लीग बघायला लागलोय, आर्सेनल धरू की लिव्हरपूल?" हा प्रश्न आमच्या फुटबॉलच्या ग्रुपवर दर सीझनला कोणीतरी नवीन पोरगा टाकतोच आणि मग दोन्हीकडची मंडळी ट्रॉफ्या मोजायला बसतात. ट्रॉफ्यांचा हिशोब तुम्हाला कुठंही मिळेल, त्यात लिव्हरपूल पुढं आहे हे सगळ्यांना माहितीये, ते सोडून देतो. मी दोन्ही टीम बरीच वर्षं जवळजवळ सारख्याच मायेनं बघत आलो आणि मग एकीकडं वळलो, आणि वळायचं कारण मैदानावरच्या खेळात नव्हतंच. खेळाडू क्लबशी कसे वागतात, कॉन्ट्रॅक्टची भांडणं कशी मिटतात, ड्रेसिंग रूममध्ये शेवटचा शब्द कुणाचा चालतो, ह्यावर तुमचा पुढच्या कितीतरी वर्षांचा मनस्ताप ठरतो असं माझं मत आहे.

आमच्या कोल्हापुरात टीम निवडायची भानगडच नसते. जी पेठ ती टीम, मग ती पाटाकडील तालीम असो, शिवाजी तरुण मंडळ असो नाहीतर दिलबहार, आणि एखाद्या चांगल्या पोरानं तालीम बदलली तर कट्ट्यावर कितीतरी दिवस तोच विषय. इंग्लंडातल्या टीमशी आपलं तसं नातं नसतं, ते आपण लांबून, रात्री जागून, स्वतःहून जोडलेलं असतं, म्हणून ज्याच्यावर जीव लावायचा तो माणूस तिथं राहणार किती दिवस हे आपल्याला जरा जास्तच लागतं.

आधी कॅप्टनचं बोलू, कारण तिथं लिव्हरपूल सरळसरळ सरस आहे आणि ते मान्य करायला मला काहीच अडचण नाही. 2003 ला जेरार्ड कॅप्टन झाला तो 2015 पर्यंत, मग 2023 पर्यंत हेंडरसन, मग व्हॅन डाइक. वीस वर्षांहून जास्त काळात तीन माणसं. ह्यात सगळं गोडगोडच होतं असं नाही, इस्तंबूलमध्ये चॅम्पियन्स लीगचा कप उचलून दीड महिना होतोय तोवर जुलै 2005 मध्ये जेरार्डनंच क्लब सोडायची तयारी केली होती, चेल्सी पैसे घेऊन दारात उभी होती, लोकांनी त्याच्या जर्स्या जाळल्या, आणि एका रात्रीत त्यानं निर्णय फिरवला. पण फिरवला हे महत्त्वाचं. हेंडरसन शेवटी सौदीला गेला, त्यावरही बरेच फॅन दुखावले, तरी मैदानावर त्याचा शब्द कुणी खाली पडू दिला नाही. आणि व्हॅन डाइक नुसता मागं उभा असला तरी टीम शांत वाटते, हे मोजता येत नाही पण टीव्हीवरसुद्धा जाणवतं.

आता आर्सेनलची यादी बघा. व्हिएरा 2005 ला युव्हेंटसला, ऑन्री 2007 ला बार्सिलोनाला, फाब्रेगास 2011 ला बार्सिलोनाला, व्हॅन पर्सी 2012 ला थेट मँचेस्टर युनायटेडला, व्हर्मालेन 2014 ला परत बार्सिलोनाला. कॅप्टनचा आर्मबँड म्हणजे बाहेर जायचं तिकीटच झालं होतं. मधल्या काळात गॅलास, त्याची गोष्ट तर सांगायलाच पाहिजे. फेब्रुवारी 2008, बर्मिंगहॅमच्या मैदानावर मॅच, आर्सेनल लीगमध्ये टॉपला, मॅच सुरू होते न होते तोच त्यांच्या एदुआर्दोचा पाय मोडलेला, तरीही 2-1 पुढं, आणि अगदी शेवटी बर्मिंगहॅमला पेनल्टी मिळते. कॅप्टननं पोरांना गोळा करून धीर द्यायचा, तर हा आधी बाजूच्या बोर्डाला लाथ मारतो आणि शिट्टी वाजल्यावर मैदानात एकटाच बसून राहतो. बाकीचे आत जातात, हा बसलेलाच. आर्सेनल त्या वर्षी तिसरी आली. एका माणसामुळं लीग गेली असं मी म्हणणार नाही, पण तो बसलेला कॅप्टन आजही डोळ्यासमोर येतो. नोव्हेंबरमध्ये त्याचं कॅप्टनपद काढून 21 वर्षांच्या फाब्रेगासला दिलं.

व्हॅन पर्सीचं दुःख वेगळ्या जातीचं. 2011-12 मध्ये लीगमध्ये 30 गोल मारले, कॉन्ट्रॅक्टचं एकच वर्ष उरलेलं, जुलैमध्ये स्वतःच्या वेबसाइटवर जाहीर केलं की मी नवीन करार करणार नाही. क्लबच्या हातात काय राहिलं? विका नाहीतर पुढच्या वर्षी फुकट जाऊ द्या. 24 मिलियन पौंडांना विकला, त्यानं तिकडं जाऊन युनायटेडला लीग जिंकून दिली, आणि एप्रिल 2013 मध्ये एमिरेट्सवर, म्हणजे घरच्याच मैदानावर, आर्सेनलच्याच खेळाडूंना दोन रांगा करून चॅम्पियन युनायटेडला टाळ्या वाजवत मैदानात घ्यावं लागलं, आणि त्यात तो. त्यानं त्या मॅचमध्ये पेनल्टीवर गोलही मारला. तेव्हा आर्सेनल बघणाऱ्या कुणालाही विचारा.

त्यामुळं इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल की हा लिव्हरपूलकडं ढकलतोय. थांबा जरा.

माझं घोडं जिथं अडलं ती गोष्ट म्हणजे लिव्हरपूलच्या कॉन्ट्रॅक्टांचं भिजत घोंगडं. करार संपत आला की खेळाडू शेवटच्या सहा महिन्यांत परदेशी क्लबशी मोकळेपणानं बोलू शकतो आणि करार संपला की फुकट जातो हे तुम्हाला माहिती असेलच, 1995 च्या बोसमन निकालापासून हे असंच आहे. म्हणून शहाणा क्लब दोन वर्षं हातात असतानाच विषय संपवतो. लिव्हरपूलचं तसं होत नाही. एम्रे जान 2018 ला फुकट युव्हेंटसला, वाइनाल्डम 2021 ला फुकट पीएसजीला, आणि 2024-25 ला तर कहरच, सालाह, व्हॅन डाइक आणि ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्ड तिघांचे करार एकाच जूनमध्ये संपणार. टीमचा सगळ्यात जास्त गोल मारणारा, कॅप्टन, आणि गावातला घरचा पोरगा, तिघं एकदम टांगणीला. लीग जिंकायला निघालेली टीम आणि प्रत्येक मॅचनंतर चर्चा गोलची नाही, सहीची. नोव्हेंबरमध्ये सालाहनं साउथहॅम्प्टनला हरवल्यावर पत्रकारांसमोर सांगून टाकलं की अजून ऑफर आलेली नाही, मी राहण्यापेक्षा जायच्या बाजूला जास्त आहे. अहो, दोन गोल मारून टीम जिंकलीये आणि आपण सकाळी उठून मोबाइलवर काय बघतोय, तर एजंट काय म्हणाला.

तो सगळा सीझन मी मन लावून बघितला आणि खरं सांगतो, एवढा सुंदर खेळ असूनही त्याचा निवांत आनंद घेता आला नाही. एप्रिलमध्ये सालाह आणि व्हॅन डाइकनं एका आठवड्याच्या आत सह्या केल्या, टॉटनहॅमला 5-1 हरवून लीगही जिंकली, आणि मेच्या सुरुवातीला ट्रेंटनं सांगितलं की मी चाललो. रिअल माद्रिदला. क्लब वर्ल्ड कपसाठी थोडं आधी सोडायचे म्हणून जे काही पैसे मिळाले तेवढेच, नाहीतर अकादमीत लहानाचा मोठा झालेला जगातला एक उत्तम राइट बॅक जवळजवळ फुकटच गेला.

माझ्या मामेभावाकडं त्याची 66 नंबरची जर्सी होती, ओरिजिनल, नाव छापून घेतलेली, पहिल्या पगारातून. 11 मे ला अॅनफिल्डवर आर्सेनलचीच मॅच होती, आम्ही दोघं एकत्र बघत होतो, दुसऱ्या हाफमध्ये ट्रेंट सब म्हणून आत आला आणि त्याच्याच मैदानावर त्याच्याच लोकांनी हुर्यो उडवायला सुरुवात केली, बॉल त्याच्याकडं गेला की परत हुर्यो. आठवड्यापूर्वीपर्यंत चॅम्पियन म्हणून ज्याची गाणी गायली तो. मामेभाऊ अवाक्षर बोलला नाही, मॅच 2-2 झाली, आणि ती जर्सी त्यानं परत कधी घातलेली मी बघितली नाही. ट्रेंटचं चुकलं का? माझ्या मते तसं नाही, करार पूर्ण केला, कुठं जायचं हा त्याचा हक्क. पण क्लबनं विषय तिथपर्यंत येऊच का दिला हा माझा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर मला पटेल असं कुणी दिलं नाही. बरं त्यातून धडा घेतला म्हणावं तर लगेच डिफेंडर कोनाते, त्याचाही करार 2026 ला संपणारा, परत माद्रिदचं नाव, परत तेच.

लिव्हरपूलवाल्यांची बाजूही सांगतो, ती पोकळ नाही. ते म्हणतात आमचा क्लब पगाराच्या बाबतीत शिस्तीचा आहे, तिशीच्या माणसाला घाईनं मोठा करार देत नाही, आणि विकायचा तेव्हा बरोबर विकतो. कुटिन्होनं 2017 ला जायचा हट्ट धरला तेव्हा लगेच सोडला नाही, जानेवारी 2018 ला बार्सिलोनाकडून 142 मिलियन पौंडांपर्यंतचा सौदा केला, आणि त्याच वर्षी व्हॅन डाइक आणि अॅलिसन आले, पुढं चॅम्पियन्स लीग आणि प्रीमियर लीग दोन्ही. त्याच्याही आधी 2013 ला स्ट्रायकर सुआरेझ जायला निघालेला, आर्सेनलनं 4 कोटी आणि वर एक पौंड अशी ऑफर दिली, लिव्हरपूलनं धुडकावली, त्याला टीमपासून वेगळा सराव करायला लावला, जेरार्डनं समजावलं, आणि त्याच सीझनला त्यानं लीगमध्ये 31 गोल मारले. ह्या प्रकरणात आर्सेनलची शोभा झाली हे मी आर्सेनलवाला म्हणून कबूल करतो.

हो, आर्सेनलवाला. आता कळलंच असेल.

मला वळवलं ते कोच आर्टेटाच्या काळानं. तो 2019 च्या डिसेंबरमध्ये आला तेव्हा घराची काय अवस्था होती बघा, त्याच वर्षी कॅप्टन कोशेल्नीनं प्री-सीझनसाठी अमेरिकेला यायलाच नकार दिलेला, पुढचा कॅप्टन जाका क्रिस्टल पॅलेसच्या मॅचमध्ये बाहेर येताना प्रेक्षकांच्या हुर्योवर कानाला हात लावून अजून ओरडा म्हणाला आणि जर्सी काढून आत गेला, कॅप्टनपद गेलं. जाकाचं सामान बांधून तयार होतं, आर्टेटानं बसवून समजावलं. आणि मे 2023 मध्ये वुल्व्ह्जविरुद्ध शेवटच्या मॅचला त्यानं दोन गोल मारले तेव्हा तेच प्रेक्षक, तेच स्टेडियम, तो जाऊ नये म्हणून गात होते. मला वाटतं लीडरशिप म्हणतात ती हीच, बिघडलेलं माणूस टाकून न देता परत उभं करणं. मी त्या रात्री बराच वेळ टीव्ही बंद केला नाही.

उलट बाजूही आहे. ऑबमेयांगचं कॅप्टनपद डिसेंबर 2021 मध्ये काढलं तेव्हा मला स्वतःला ते कडक वाटलं, आईला आणायला परवानगी घेऊन फ्रान्सला गेला होता आणि परत यायला उशीर झाला. पण आधीही टॉटनहॅमच्या मॅचला उशिरा आला म्हणून बसवलेला होता, आणि नियम कॅप्टनला नसेल तर 19 वर्षांच्या पोराला कोणत्या तोंडानं लावणार? एवढ्या पैशांत आणलेला स्ट्रायकर फुकट गेला, ते नुकसान क्लबनं सोसलं. मग 2022 ला 23 वर्षांचा ओडेगार्ड कॅप्टन. तो जरा शांत आहे, संकटात ओरडणारा नाही, व्हॅन डाइकशी तुलना केली तर कमीच पडतो, हेही म्हणायला पाहिजे.

पण कॉन्ट्रॅक्ट बघा. साका 2023 ला सही, ओडेगार्ड त्याच वर्षी 2028 पर्यंत, गॅब्रिएल 2025 ला 2029 पर्यंत, सालिबावर माद्रिदची नजर असल्याच्या बातम्या यायला लागल्या आणि दोन वर्षं हातात असतानाच 2030 पर्यंत बांधून टाकला. ओढाताण नाही, रोजची बातमी नाही. हे शहाणपण ठेच लागून आलंय, सांचेझ गेल्यावर घाबरून 2018 ला ओझिलला आठवड्याला साडेतीन लाख पौंडांच्या घरात करार दिला आणि शेवटी तो टीमच्या यादीतही नव्हता. ऑबमेयांगलाही शेवटच्या वर्षातच, 31 व्या वर्षी सही दिली होती आणि सव्वा वर्षात बिनसलं. आता सालाहकडं बघा, तोही 32 व्या वर्षी, शेवटच्या महिन्यांत सही, आणि डिसेंबर 2025 मध्ये लीड्सच्या मॅचला बाकावरच बसवल्यावर चिडून बोलला की क्लबनं मला बळीचा बकरा केला, कोचशी नातं उरलं नाही, पुढच्या इंटर मिलानच्या मॅचला त्याला नेलंच नाही. म्हणजे तिन्ही ठिकाणी गोष्ट एकच, शेवटच्या वर्षी दबावाखाली केलेली सही. आर्सेनल त्या चुकीतून बाहेर आलीये असं मला वाटतं, लिव्हरपूल अजून तिथंच घुटमळतंय. वाटतं म्हणतोय, उद्या साकाचं काही झालं तर मला कुणी हा लेख दाखवू शकतो.

ॲटिट्यूडच्या नावानं एकमेकांकडं बोट दाखवण्यात मात्र अर्थ नाही. इसाकनं न्यूकॅसलमध्ये खेळायचं थांबवून लिव्हरपूल गाठलं, तर ग्योकेरेस स्पोर्टिंगच्या प्री-सीझनला हजर न होता आर्सेनलला आला, दोघंही 2025 च्याच उन्हाळ्यात. दुसऱ्याच्या घरातलं भांडण आपल्या फायद्याचं असलं की दोन्ही क्लब गप्प बसतात.

तर ठरवायचं कसं. तुम्हाला मोठ्या रात्री पाहिजेत, संकटात उभा राहणारा कॅप्टन पाहिजे आणि दर दोन वर्षांनी कोण जातंय ह्याची धाकधूक सहन होत असेल तर लिव्हरपूल घ्या, मनापासून सांगतो, पस्तावणार नाही. ज्याच्यावर जीव लावला तो पोरगा चार वर्षांनीही तिथंच दिसावा एवढीच अपेक्षा असेल तर आर्सेनल, फक्त 2023, 2024 आणि 2025 तिन्ही वर्षं ही टीम दुसरी आलीये हे लक्षात ठेवून. आणि जर्सी घेणारच असाल तर आर्सेनलमध्ये सालिबाचा 2 नंबर, लिव्हरपूलमध्ये विर्ट्झचा 7 नंबर, तो 2025 लाच आलाय. बाकी कुणाचं छापायचं असेल तर दुकानात जायच्या आधी करार कधी संपतोय ते बघून घ्या.