डोकं दुखतं आणि सुई पायाला: कुडाळातल्या ॲक्युपंक्चरचा अनुभव

माझी मालवणात खानावळ आहे. सीझनला तव्यापुढून हलायला फुरसत नसते, दुपार टळली की कानशिलं ठणकायला लागतात. बीपी, चष्मा तपासून झालं, काही निघालं नाही, म्हणून कुडाळातल्या एका ॲक्युपंक्चरवाल्या बाईंकडे जायला लागले. शेजारची काकी म्हणालीच, "डोक्या दुखता आणि सुयो पायाक कित्याक?"

बाईंनी माझंच बोट धरून दाखवलं. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यातून वर सरकायचं, दोन हाडं जवळ येतात तिथे खळगा लागतो. हा ताइचोंग, यकृताच्या वाहिनीवरचा (रक्तवाहिनी नव्हे, चिनी वैद्यकात मानलेली शक्तीची वाट) तिसरा बिंदू. चिनी परंपरेत ही वाहिनी अंगठ्यापासून निघून डोळ्यांमार्गे माथ्यापर्यंत जाते, म्हणून डोकेदुखी, लाल डोळे, चिडचिड, पाळीतली कळ यांसाठी हा बिंदू घेतात. जोडीला हातावरचा हेगू. दोन हात, दोन पाय मिळून 'चार दारं'. सोबत आलेल्या सुनेला दिवस गेलेत हे कळल्यावर मात्र तिला काहीच टोचलं नाही. हेगू गरोदरपणी वर्ज्य मानतात.

सुई पाकीट समोर फोडूनच काढतात. टोचणं बांगड्याच्या काट्याच्या पावपटही नाही, पण मग आत एक जड कळ बोटांकडे उतरते. ती यायलाच हवी म्हणे. सुया वीसेक मिनिटं तशाच.

डोकं आता कमी दुखतं, झोपही बरी लागते. अर्थात पंख्याखाली पडून राहिले आणि कुणी सोलकढी मागितली नाही, त्याचाही गुण असेल. बाई स्वतः गॅरंटी देत नाहीत, हे मला आवडलं. टाचांच्या भेगांवर सुई नाही, तुमचं मुठेलच (कोकमाच्या बियांचं तेल) लावा, असं त्यांनीच सांगितलं.

तक्रारी आहेत. पायाच्या पेशंटला दुसरा मजला, तोही उभा जिना! वेळ घेऊनही बाकावर ताटकळावं लागतं. आणि खाली काउंटरवर काटेरी ॲक्युप्रेशर चपला विकायला ठेवल्यात, त्या घेऊ नका. ताइचोंग पावलाच्या वरच्या बाजूला, चप्पल दाबणार तळवा! घरी अंगठ्याने दाबा, फुकट आहे.

मधुमेहाने पाय बधिर होत असतील किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर आधीच सांगा. सकाळी लवकर गेलात तर बाक रिकामा मिळतो.